थरथरत्या मशीनवर एक श्रावण

"तुम्हाला फायब्रोमायाल्जिया आहे," असं नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा आधी मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ किळस आली. हायसं वाटलं, कारण दुखण्याला एकदाचं नाव मिळालं. किळस आली, कारण हे नाव मिळायच्या आधी मी काय काय करून बसले होते ते सगळं डोळ्यांपुढून गेलं.

फायब्रोमायाल्जिया म्हणजे अंगभर मुरलेलं, वर्षानुवर्षं चालणारं दुखणं. सांधे झिजलेले नसतात, हाडं शाबूत असतात, रक्त तपासलं तर सगळं ठीक निघतं. दुखण्याची खबर मेंदूकडे नेणारी यंत्रणाच वाजवीपेक्षा जास्त जागी असते. साधा धक्का लागला तरी ती बोंब ठोकते. त्यात झोप उडते, झोप उडाली की दुखणं वाढतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. तुम्ही नाटक करत नाही." शेजारच्या खुर्चीवर आमचे हे बसले होते. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मी बाईंना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

ज्यांचं अंग असंच दुखतं आणि रिपोर्ट मात्र चांगले येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोड लिहिणार नाही. ज्याची किळस आली त्याला किळसवाणंच म्हणणार आहे.

उदगीरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुखणं सुरू झालं त्या वर्षी पाऊस नव्हता, लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. आमच्याकडे स्टीलचा डबाही खपत नव्हता, पण प्लास्टिकचे ड्रम आणि घागरी आणल्या की संपत. लोकांच्या तहानेवर आपला गल्ला भरतोय याचीही मला शिसारी यायची. संध्याकाळी टँकर आला की इतरांसारखीच मीही घागरी उचलायची. आधी खांदे धरले, मग पाठ, मग मांड्या. सकाळी उठले की कुणीतरी अंग पिळून वाळत घातल्यासारखं वाटे.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. सकाळी अंघोळ झाली की जमिनीवर मांडी घालून बसायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती-बेल वाहायचा आणि त्याच्याकडे बघत शांत बसायचं. त्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. लग्नाआधीपासून मी हे करते. संसारात तेवढाच वेळ माझा एकटीचा असतो, त्या वेळी मला कुणी हाकही मारत नाही. दुखणं वाढलं तशी मांडी घालवेना. हात धरून ठेवला की खांद्यातून कळ जायची. मग मी पूजा घाईघाईनं उरकू लागले. मला धावायचं नव्हतं, वजन उतरवायचं नव्हतं. लिंग हातावर घेऊन स्वस्थ बसता यावं, एवढीच माझी मागणी होती.

"नांदेडला दाखवून येऊ," असं मी कितीदा म्हटलं. आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं. "थांब की जरा. उदगीर जिल्हा व्हायलाय. मोठं हॉस्पिटल इथंच येतंय मग." त्या दिवसांत आमच्या गावात प्रत्येक गोष्ट जिल्हा होण्यावर अडून होती. रस्ता, नळ, कॉलेज, आणि आता माझी पाठ.

अशात जाऊबाई आल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. त्यांचे गुडघे दुखायचे. "लई भारी मशीन आलीय बघ," त्या म्हणाल्या. "नुसतं उभं राहायचं. बाकी सगळं तीच करून राहिली."

दुष्काळानं लग्नं पुढे गेली होती म्हणून एक मंगल कार्यालय रिकामं पडलं होतं. तिथं हे सेंटर निघालं होतं. जिथं नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर चार मशीन मांडल्या होत्या. व्हायब्रेशन प्लेट म्हणतात त्यांना, म्हणजे खाली जोरजोरात थरथरणारी फळी आणि पुढे धरायला दांडा. फळी थरथरली की स्नायू आपोआप आवळतात आणि सुटतात, उभ्या उभ्या व्यायाम होतो, असा तिचा हिशेब. सेंटर चालवणारे सर टाय लावून माइकवर बोलत. शुगर, बीपी, मूळव्याध, गुडघे, मूल न होणं, सगळ्यांवर तीच फळी. "बॉडीतली घाण बाहेर पडतेय," ते सांगत, आणि समोर बसलेली माणसं आपापल्या घाणीचा विचार करत माना डोलावत.

घाण खरोखरच होती. फळीवर अनवाणी उभं राहायचा नियम होता. अख्ख्या गावाच्या टाचा, भेगा, कुरूपं, शेतातली माती, कुणाच्या पायाच्या बोटांमधल्या चिघळलेल्या चिखल्या, सगळं त्याच रबरावर. पुसायला पाणी कुठलं? एक वाळलेलं फडकं होतं, ते सकाळी जसं कडक असे तसंच संध्याकाळी. माझ्या आधीच्या माणसाच्या तळव्यांचा ओला ठसा तिथं उमटलेला असे आणि मला त्यावरच पाय ठेवावा लागे. पहिल्या दिवशी मला मळमळलं. ते सर म्हणाले, "छान. विष निघायलंय."

तरी मी जात राहिले. कारण फळीवरून उतरलं की थोडा वेळ अंग सुन्न व्हायचं आणि सुन्न झालेलं अंग दुखत नसे. दुखण्यानं त्रासलेल्या माणसाला तेवढं पुरतं. कुणी मला मूर्ख म्हणणार असेल तर त्यानं आधी महिनाभर न झोपता राहून बघावं.

मग श्रावण लागला. कोरडा श्रावण, धूळ उडत होती. पण आमच्याकडे श्रावण म्हणजे शंकराचा महिना. त्या सरांना गिऱ्हाइकाची नाडी बरोबर कळत होती. त्यांनी प्रत्येक मशीनसमोर महादेवाचा फोटो लावला, उदबत्ती लावली आणि स्पीकरवर जप सुरू केला. आता फोटो समोर आला म्हटल्यावर आमची माणसं काय करणार? दांडा कुणी धरेना. सगळे देवळात उभे राहतात तसे उभे राहू लागले. पाय जुळवून, गुडघे ताठ, हात जोडून, मान खाली. खाली फळी धडधडतेय, वर माणूस नमस्काराच्या मुद्रेत गदगदा हलतोय. गाल हलतायत, दात वाजतायत, डोळे मिटलेले. आज ते चित्र आठवलं तरी मला कसंसंच होतं. तेव्हा मात्र मीही त्यातलीच एक होते, आणि सोमवारी वेग वाढवून घेत होते.

आठवडाभरात डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाव, मलाबी येतात. नसा मोकळ्या होऊन राहिल्यात."

एका सकाळी पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं. हाताला त्याचं वजनच कळेना. बघता बघता बोटं सैल झाली आणि लिंग फरशीवर पडलं.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना हे कसं सांगू? ते माझ्या अंगापासून कधी वेगळं झालं नव्हतं. बाळंतपणात नाही, तापात नाही. ते गडगडत पाटाखाली गेलं आणि मला उठून घेताही येईना. आमच्या ह्यांनी येऊन काढून दिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवशी मी जेवले नाही.

सेंटरच्या सरांना मी रागानंच जाऊन सांगितलं, की तुमच्या मशीननं माझ्या हातातली जाणीव गेली आणि लिंग पडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माइक हातात घेतला. "भक्तहो," ते म्हणाले, "या माउलींच्या हातात एवढी शक्ती उतरली, की खुद्द महादेव खाली आले." टाळ्या पडल्या. दोन बायका उठून माझ्या पाया पडल्या. एकीनं मी नेहमी उभी राहायची त्या फळीवर बोट फिरवून कपाळाला लावलं. त्या फळीवरचं, त्या सगळ्या टाचांचं, तिनं कपाळाला लावलं.

मी बाहेर येऊन भिंतीला धरून ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं आंबट पाणी आलं. आयुष्यात इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती. माझं सगळ्यात वाईट झालेलं या माणसानं एका वाक्यात जाहिरातीला वापरलं होतं. घरी आल्यावर आमच्या ह्यांना एवढंच म्हणाले, "जिल्हा व्हायचा तेव्हा होऊ द्या. मी उद्या नांदेडला चालले."

ते मुकाट्यानं सोबत आले. जळकोटवरून जाणारी एसटी. त्या रस्त्यावर ती गाडी सीटसकट अशी थरथरते, की सेंटरच्या सरांनी पाहिली असती तर तिच्यातही फोटो लावला असता.

नांदेडला तपासण्या झाल्या. रक्त, थायरॉइड, व्हिटॅमिन, मानेचा एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या जोरावर आतला फोटो काढतात ते. त्या नळीत पडून राहायचं, ढोल वाजल्यासारखा आवाज येतो, दुखत काही नाही. बाहेर बाकांवर लांबलांबची माणसं बसलेली. देगलूरकडचे, मुखेडचे. सगळ्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, आणि ती मांडीवर घट्ट धरलेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी ते नाव सांगितलं. मानेतल्या नसेवर ताण आलाय, हाताच्या मुंग्या त्याच्या, वेळीच आलात, असंही म्हणाल्या. मशीनचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. व्यायामानं उपचार करतात त्या.

तिथं कोपऱ्यात तसलीच मशीन होती. मी दारातच थांबले. "मी हिच्यावर पाय ठेवणार न्हाई," असं सांगून टाकलं.

मॅडम तरुण होत्या. "ठेवू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं जमिनीवर दाखवा, तिथं कसं उभं राहायचात."

मी पाय जुळवले, गुडघे ताठ केले, हात जोडले, मान खाली घातली. त्यांनी माझी मान हातानं सरळ केली. मग म्हणाल्या, "असं उभं राहिलं तर सगळा हादरा सरळ पाठीतून मानेत आणि डोक्यात जातो. पाय अंतरावर ठेवायचे. खुर्चीत बसता बसता थांबल्यासारखे गुडघे वाकवायचे. दांडा धरायचा. वेग सगळ्यात कमी, वेळ अगदी थोडा." आणि मग हेही म्हणाल्या, "ही मशीन देव नाही आणि भूतही नाही. तुमच्यासारख्या काहींना व्यायामाच्या जोडीला थोडा फायदा होतो. काहींना होत नाही. चालण्याची जागा ती घेत नाही."

इतकं साधं बोलणं ऐकून मला रडू आलं. इतके दिवस कुणीच माझ्याशी असं बोललं नव्हतं.

कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या मशीनवर चढले. त्यांनी माझ्यासमोर फळी स्पिरिटनं पुसली आणि मला बूट घालायला लावले. गुडघे वाकवून उभी राहिले. मांड्यांना गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, मान शांत राहिली. थोडं मोकळं वाटलं. नांदेडला जाते तेव्हा एवढंच करते, घरी मशीन घेतली नाही. खरा फरक पडला तो रोजच्या हळू चालण्यानं, झोपेच्या गोळीनं आणि घागर अर्धी भरून उचलण्यानं.

तुम्हाला कुणी अशा फळीवर उभं करत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ असतील, पोटात बाळ असेल, हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल, पायात रक्ताची गाठ झाली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर मुळीच चढू नका. हातपाय बधिर झाले तर त्याच दिवशी बंद करा. जो माणूस तुमच्या प्रत्येक त्रासाला चांगली खूण म्हणतो, त्याच्यासमोरून उठून या.

माझं दुखणं गेलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात तसं ते राहील, आवाज कमी करून राहील. सेंटर लातूरकडे कुठं तरी गेलं. अक्का आता माझ्यासोबत फिरायला येतात आणि वाटभर त्या मशीनचं गुणगान करतात, मी ऐकून घेते.

राहिली पूजा. लिंग पडल्यापासून मी ते नुसतं गळ्यात बाळगत होते, डबीलाच नमस्कार करून जेवत होते, हातावर घ्यायची भीती वाटायची. शेवटी मठातल्या स्वामींकडे गेले. त्यांनी ते धुऊन, विभूती लावून माझ्या गळ्यात पुन्हा बांधलं. मी विचारलं, मांडी घालवत नाही, आता पूजा कशी करू? मला वाटलं प्रायश्चित्त सांगतील. ते म्हणाले, "खुर्चीवर बस की बाई. हाताला टेका घे, म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी दुकानातून हात असलेली एक प्लास्टिकची खुर्ची देवघरात आणली. पळीभर पाण्यानं लिंगाला स्नान घातलं, तेवढंच होतं. डावं कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, लिंग तळहातावर घेतलं. वजन कळलं. थंड, गुळगुळीत, नेहमीसारखं. खांदा दुखत होता, त्याला दुखू दिलं. बेल वाहिला आणि बघत बसले.

बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज आला, "झालं का? चहा निवून राहिला."

आजवर पूजेत मला कुणी हाक मारली नव्हती आणि मीही कधी ओ दिली नव्हती. त्या दिवशी दिली.

"न्हाई," मी म्हणाले. "अजून बसायचंय मला."