बंद न होणारा ब्लोअर

मित्रहो, चावी काढली तरी आमच्या जुन्या गाडीचा ब्लोअर चालूच राहायचा. दोनदा बॅटरी उतरली. बाबाच तो बंद करायला विसरतात म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं.

आज अमडापूरच्या मेकॅनिकने सीटखालून एक वायर ओढली. "हे डायरेक्ट बॅटरीवर हाय. याचं बटन चिकटलं. कोणं बसवलं?"

"म्या," बाबा म्हणाले. "डायलिसिसहून येताना वाटेत औषधाले थांबून चावी काढली का हवा बंद होये, अन् याच्या मायले गुदमरे."

आईला जाऊन वर्ष झालं. मला या बटनाचा पत्ताच नव्हता.

"काढून टाकू काय?"

बाबांनी ती वायर हातात धरून ठेवली. मीच म्हणालो, "नवीन बटन लावा."

आत्ता घरी पोचलो. तुम्ही वडिलांची माफी कशी मागता हो?