मध्येच राहिलेलं गुणसूत्र

“सरांच्या प्रयोगशाळेत एकच कायदा होता : डोळ्यांना दिसेल तेच कागदावर उतरेल.”

माझ्या सहस्रचंद्रदर्शनाला विद्यार्थ्यांनी जो गौरव अंक काढला, त्यातल्या पहिल्याच लेखातलं हे वाक्य. लिहिणारा माझा विद्यार्थी. आज स्वतः प्राचार्य आहे, शब्द तोलून वापरतो. वाक्य देखणं आहे आणि साफ खोटं आहे. आयुष्यभर मी इतरांची विधानं खोडत आलो — सहकाऱ्यांची, अभ्यास मंडळाची, प्रसंगी पाठ्यपुस्तकांचीही — आणि बहुतेक वेळा बरोबर मीच होतो, हे आजही ठणकावून सांगतो. पण हे विधान खोडायचं तर जे सांगावं लागेल, ते मी आजवर कोणापाशीही बोललेलो नाही. पत्नीपाशी नाही, तिच्या शेवटच्या आजारपणातही नाही. तुमच्यापाशी बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही — हे एका परीनं बरंच आहे.

माझ्या प्रयोगशाळेतला खरा कायदा निराळा होता. पेशीविभाजन शिकवताना मी फळ्यावर रंगीत खडूंनी एक आकृती काढीत असे. दोन्ही टोकांकडे ओढली जाणारी गुणसूत्रं, इकडे जितकी तितकीच तिकडे, मधली जागा स्वच्छ. ती आकृती कॉलेजात प्रसिद्ध होती. वाणिज्य शाखेची मुलंसुद्धा दारातून डोकावून जात. आमच्या मुलांनी ती घोटून पाठ करायची आणि प्रात्यक्षिक परीक्षेत बसल्याबसल्या आधी कागदावर उतरवायची. मग कांद्याच्या मुळाचं टोक रंगात शिजवायचं, काचेखाली अंगठ्यानं दाबायचं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. आधी आकृती, नंतर स्लाइड! बाहेरून आलेले परीक्षक कागद चाळत आणि म्हणत, “वा सर, सगळ्यांचा हात एकच!” मला ती दाद वाटे. ती दाद होती का? — तेव्हा हा प्रश्न मला शिवलाही नाही.

सुनंदा सायखेड्याची. घरी भाजीपाला, थोडी फुलशेती; विज्ञान शाखेला आलेली त्या घरातली ती पहिलीच. पहिल्या बसनं यायची, हातात स्टीलचा पेला, पेल्याच्या तोंडावर घरचा कांदा बसवलेला, खाली पाण्यात पांढरी मुळं सुटलेली. “सर, कंडक्टर म्हणतो, तुझं पासवर भागलं, कांद्याचं तिकीट कोण काढणार?” असं सांगून स्वतःच हसायची. तिचा एक दोष होता. ती आधी पाहायची आणि मग काढायची.

परीक्षेच्या दिवशी मी टेबलांमधून फिरत होतो. परीक्षक पलीकडे चहा घेत होते. सुनंदाच्या कागदावर नजर गेली आणि माझं पाऊल थांबलं. तिनं माझी आकृती काढलीच नव्हती. गुणसूत्रांचे दोन गट दोन बाजूंना गेलेले — आणि मधल्या स्वच्छ जागेत, कोणाच्याच पंगतीला न बसलेलं, एकटं एक.

“सर, मधी एक राहिलंय,” ती कुजबुजली. “बाकीचे गेले, ते नाय गेलं.”

तेवढ्यात परीक्षकांनी कप खाली ठेवला.

“फळ्यावर असं होतं?” मी विचारलं.

“नव्हतं.”

“मग खोड.”

“पण सर, दिसतंय —”

“दिसतं ते सगळं खरं नसतं. खोड म्हणतो ना!”

तिनं खोडलं. सगळ्यांच्या कागदावर होती ती आकृती तिच्याही कागदावर आली. परीक्षक आले, चाळून गेले, नेहमीची दाद देऊन गेले.

आता ते मध्ये राहिलेलं काय होतं, हे ऐका. कारण अपराध किती मोठा, ते त्याखेरीज कळायचं नाही.

मोहरीहूनही लहान असं ते मुळाचं टोक. त्यात असंख्य पेशी, आणि त्यांतल्या कितीतरी त्या क्षणी स्वतःच्या सगळ्या वारशाची दुसरी प्रत करून ती दोन घरांत वाटून देण्याच्या कामात. वाटणी कोण करतं? वकील नाही, पंच नाही. अतिसूक्ष्म तंतू येतात, प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडून धरतात, ताण बरोबर बसला की नाही याची वाट पाहतात — होय, वाट पाहतात — आणि मगच ओढतात. पृथ्वीवर पाहणारा एकही डोळा नव्हता तेव्हापासून हे चाललेलं आहे. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या अंगातही चाललेलं आहे. माझ्या कानांची ठेवण माझ्या पणजोबांची आहे असं घरात म्हणत. ती अशाच वाटण्यांमधून, न सांडता, माझ्यापर्यंत आली. एवढी निष्ठा मी माणसांत पाहिलेली नाही.

आणि तरीही क्वचित एखादा तंतू चुकतो. एखादं गुणसूत्र मध्येच राहतं. कांद्याच्या मुळातली चूक बियांत उतरत नाही, हे मला कळतं. त्यावर कोणी माझ्याशी वाद घालू नये. पण प्रत करताना, वाटणी करताना चूक होऊ शकते, आणि तीच जेव्हा बीजात होते तेव्हा क्वचित नवं काही जन्माला येतं, हे तर मी वर्षानुवर्षं उत्क्रांतीच्या पहिल्याच तासाला सांगत होतो! सगळ्या प्रती बिनचूक निघाल्या असत्या तर पृथ्वीवर आजही शेवाळाच्याही आधीचा तो पहिला जीवच असता — पाहायला ना सुनंदा, ना मी. तिच्या स्लाइडवर ती शक्यता रंगून, लालभडक होऊन पडलेली होती. मी ती स्वतः पाहिली आहे. छातीत काहीतरी हललं होतं, देवळात माझ्या कधी हललं नव्हतं तसं.

केव्हा पाहिली, तिकडे येतो.

आधी आणखी एक विधान खोडायचं आहे. सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ संपला तेव्हा सभागृहाच्या पायऱ्यांवर एक बाई पाया पडायला आल्या. केस पांढरे, हातात घरच्या शेवंतीचा पुडा. सुनंदा. म्हणाली, “सर, त्या दिवशी तुम्ही खोडायला लावलं म्हणून पास झाले. मला मेलीला धड दिसतच नव्हतं!” आणि हसली, अगदी तशीच. मी विचारलं, पुढे शिकलीस का? “नाय सर. नजरच नाय म्हणल्यावर त्या वाटेला कशाला जायचं? घरच्यांनी म्हणलं शिक, मीच नको म्हणलं.”

म्हणजे लग्न आडवं आलं नाही, गरिबी आली नाही, बाप आला नाही. यांतलंच काहीतरी आडवं आलं असं कॉलेजात सगळे समजत होते, आणि मीही ती समजूत आनंदानं बाळगली. आडवा मी आलो. त्या पायऱ्यांवर एक वाक्य पुरलं असतं — तुझी नजर बरोबर होती, बाई. मी काय म्हणालो? “सुखी राहा.” पुडा घेतला आणि गाडीत बसलो.

गौरव अंकात लिहिणारे ते प्राचार्य हे वाचतील, आणि माझ्या बाजूनं बोलतील, हे मला ठाऊक आहे. म्हणतील, सरांना तीस टेबलं सांभाळायची होती. त्यांनी स्लाइड पाहिलीच नसेल. पुस्तकावर विश्वास ठेवला, इतकंच. मुलं गेल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं असेल आणि मग उशीर झाला असेल. किती सोयीची हकीकत! मीसुद्धा ती स्वतःला इतक्यांदा सांगितली आहे की काही दिवस ती खरी वाटायची.

ती खरी नाही. “मधी एक राहिलंय” म्हणताना सुनंदानं स्टूल मागे सरकवून मला जागा करून दिली होती. मी वाकलो, चष्मा वर केला, सूक्ष्मदर्शकाची फिरकी हलकेच फिरवून ते मध्ये राहिलेलं गुणसूत्र स्वच्छ पाहिलं. आणि मग मान वर करून तिला खोडायला सांगितलं.