गॅबाची बाटली आणि औषधाच्या दुकानातली बाई

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणी विभागात काम करतोय. गाड्यांचे छोटे भाग बनतात. ते मापात आहेत की नाहीत, हे मायक्रोमीटर लावून बघायचं आणि नसतील तर बाजूला काढायचे. केसाच्या जाडीपेक्षा बारीक फरक पकडावा लागतो. गेल्या हिवाळ्यात माझे हात थरथरायला लागले तेव्हा मी चांगलाच घाबरलो, आणि घाबरलो म्हणून कुणाला काही सांगितलं नाही.

बायकोनं ते आधी कानांनी ओळखलं. "तुमची कपबशी वाजते हल्ली," ती म्हणाली. मी म्हटलं, ऑडिट आहे, टेन्शन आहे. ते खरंही होतं. मोठं गिऱ्हाईक तपासणीला येणार होतं आणि आमचे साहेब दिवसातून चार वेळा चक्कर मारत होते. छातीत धडधडायचं, क्षुल्लक कारणावरून राग यायचा.

मुलगी पुण्याला नोकरी करते. आईकडून तिला कळलं आणि आठवड्याभरात घरी एक पार्सल आलं. आत कॅप्सूलची बाटली, वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : गॅबा. फोनवर ती म्हणाली, "बाबा, हे औषध नाही, सप्लिमेंट आहे. अमिनो अ‍ॅसिड. मेंदू शांत ठेवणारं. आमच्या ऑफिसात बरेच जण घेतात."

मी घ्यायला लागलो. पहिला आठवडा बरा गेला, किंवा बरा जातोय असं मला वाटलं. पुढे थरथर पुन्हा सुरू झाली. बाटली संपत आली तेव्हा मी ठरवलं की आता एकाऐवजी दोन घ्यायच्या, आणि नवी बाटली आणायला गंगापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात गेलो. रक्तदाबाच्या गोळ्या मी तिथूनच घेतो.

ते दुकान एक बाई चालवते. पस्तिशीची असेल. माहेर मालेगावचं, वडील यंत्रमागावर काम करायचे, बी. फार्म. होणारी त्यांच्या घरातली ती पहिली, हे मला पुढे कळलं. तोवर ती माझ्यासाठी फक्त चिठ्ठी बघून गोळ्या देणारी आणि डोक्यावरची ओढणी सारखी सावरणारी मॅडम होती.

मी रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. "अशी एक द्या. आणि मॅडम, दोन घेतल्या तर चालतील ना?"

तिनं बाटली फिरवून मागचं सगळं वाचलं. "काका, कशासाठी घेताय?"

"टेन्शनसाठी."

"बीपीची गोळी चालू आहे ना तुमची? डॉक्टरांना या कॅप्सूलबद्दल सांगितलंय?"

"हे औषध नाही ना पण."

"औषध नसलं तरी पोटात जातंय," ती म्हणाली. "यानं काहींचं बीपी थोडं खाली येतं. गोळीनंही येतं. म्हणून सांगायला हवं."

मग तिनं मला गॅबा म्हणजे काय ते सांगितलं. आयुष्यात इतकं सोपं करून मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मेंदूतल्या पेशी सतत एकमेकींना निरोप देत असतात. काही निरोप 'चल, ऊठ' असे असतात, काही 'थांब, पुरे' असे. गॅबा हा 'थांब' म्हणणारा निरोप. तो आपलं डोकं स्वतःच तयार करतं, रोज, न सांगता. "पण कॅप्सूलमधला गॅबा मेंदूपर्यंत किती पोचतो, हे अजून नीट ठरलेलं नाही," ती म्हणाली. "रक्त आणि मेंदूच्या मध्ये एक चाळणी असते, ती सगळ्यांना आत सोडत नाही. काही जणांना बरं वाटतं, काहींना काहीच होत नाही. मी खोटं सांगून विकणार नाही."

माझ्याच डोक्यात असं काही चालतं आणि पन्नाशी उलटली तरी मला पत्ता नाही, याचं नवल वाटलं.

तेवढ्यात तिनं विचारलं, "काका, एवढ्या थंडीत स्वेटर नाही घातला?"

जानेवारी होता. बाहेर लोक कानटोप्या घालून फिरत होते. मी म्हटलं, हल्ली उकडतं.

"वजन कमी झालंय?"

पँट सैल झाली होती. जेवण मात्र वाढलं होतं. मी तसं सांगितलं. तिनं बिलाचा एक कोरा कागद घेतला, मला दोन्ही हात पुढे पसरायला लावले आणि कागद बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. मागे उभे असलेले दोघे बघत होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"मी डॉक्टर नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण माझ्या अम्मीला असंच झालं होतं आणि आम्ही वर्षभर त्याला टेन्शन म्हणत बसलो. थायरॉईडची तपासणी करून घ्या." त्याच कागदामागे तिनं चार ओळी लिहिल्या : काय काय होतंय, कोणती गोळी चालू आहे, गॅबा किती दिवस घेतला. "हे डॉक्टरांना दाखवा. बाटली नंतर बघू."

मी रागानंच घरी आलो. वस्तू मागायला गेलो तर बाईनं चारचौघांत हात पसरायला लावले, असं बायकोला सांगितलं. तिनं तो कागद माझ्या खिशातून काढून फ्रिजवर लावला.

चार दिवसांनी कामावर मी एक अख्खा ट्रे बाद केला. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं ते सगळे भाग पुन्हा मोजले. सगळे मापात होते. त्यानं ट्रे परत माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "तब्येत दाखवून ये. साहेबांना मी सांगतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, माझा गळा बोटांनी चाचपून बघितला, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा म्हणाले, "थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा फार जोरात काम करतेय. धडधड, थरथर, घाम, सगळं त्याचंच. हे लिहिलं कुणी?"

मी सांगितलं.

"नीट लिहिलंय," ते म्हणाले आणि कागद त्यांनी माझ्या फाइलला लावून घेतला. कॅप्सूल बंद करायला सांगितल्या आणि गोळ्या सुरू केल्या. लगेच काही बदललं नाही. दोन महिने गेले. पण हात हळूहळू थांबले. ऑडिट मधल्या काळातच उरकलं, माझ्याशिवाय.

बरं वाटायला लागल्यावर मी बायकोला घेऊन दुकानात गेलो. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण तिथे गेल्यावर नुसतंच "मॅडम, थायरॉईडच निघाला" एवढं बोललो.

तिनं आधी पुढची रक्ततपासणी कधी आहे ते विचारलं. मग म्हणाली, "मी फक्त विचारलं, काका. कागद डॉक्टरांकडे नेला तुम्ही."

"पाच दिवस फ्रिजवर होता तो," बायको म्हणाली. दोघी हसल्या.

मुलीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलं. बाटली आपण पाठवली म्हणून ती माफी मागायला लागली. मी म्हटलं, तू पाठवलीस म्हणूनच मी त्या काउंटरवर गेलो.

गेल्या महिन्यात त्याच सहकाऱ्याच्या बायकोला मी त्या दुकानात घेऊन गेलो. झोप येत नाही म्हणून ती तीन निरनिराळ्या पावडरी घेत होती. मॅडमनं तिलाही तसंच विचारलं, तेवढाच वेळ दिला, डॉक्टरांकडे पाठवलं. तिच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही. दोन पावडरी बंद झाल्या, एक ती अजून घेते, आणि मॅडमनं त्याला हरकत घेतली नाही.