शिट्टी आणि चार दात

कवायत शिकवणाऱ्या मास्तरांचे वरचे पुढचे चार दात एकेक करून गेले. तीस वर्षं पितळी शिट्टी दातांत आवळून त्यांनी ते झिजवले, असं मास्तरीणबाईंचं म्हणणं. मग कवळी आली. एकदा मैदानावर मास्तरांनी शिट्टीत जोरात फुंकर मारली, तशी शिट्टीबरोबर कवळीही धुळीत पडली. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, दातांना विश्राम दिला का?" सगळं मैदान हसलं. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हट्टच धरला. हाडात स्क्रू रोवून बसवलेले पक्के दात हवेत. मास्तरीणबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडावी लागली.

"तू काठी घेऊन चालशील गं. मी काय काठीनं चावू?"

"म्हणजे माझा गुडघाच तुमच्या तोंडात बसवा की," बाई म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

दोन वर्षं मास्तरांनी दातांची निगा राखली ती अगदी शिस्तीत. बारीक ब्रशनं दोन वेळा स्क्रूभोवती सफाई, दर सहा महिन्यांनी तपासणी. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, तोंड घट्ट मिटलं. ब्रश पुढे नेला की ते चावायचे. बाईंच्या बोटाचं नख काळंनिळं झालं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, वास यायला लागला.

"आजी, सफाई झाली नाही तर हाड झिजेल. मग दात टिकणार नाहीत," दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"काढून टाक ना आई," मुलगी म्हणाली. "आता कुणाला दाखवायचेत?"

"गुडघा गेला तो गेला. आता दातही घालवू?"

कपाट आवरताना बाईंच्या हाताला ती शिट्टी लागली. मास्तरांच्या डोळ्यांत ओळख चमकली आणि तोंड आपोआप उघडलं. मग रोज सकाळी तेच. शिट्टी दातांत द्यायची, ओठ वर करायचा, बाजूनं ब्रश फिरवायचा. शेवटी मास्तर एक फुंकर मारत. आवाज चिरका यायचा, पण यायचा. हिरड्या बऱ्या झाल्या. आपण जिंकलो, असं बाईंना वाटलं.

दीड महिन्यानं एक दात हलला. मग दुसरा.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. "स्क्रूवर रोज मोठा दाब पडतोय. कडक असं काय चावतात हे?"

बाईंनी पिशवीतून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. पितळेवर दातांचे ताजे व्रण होते.

"मीच देत होते."

डॉक्टरीणबाईंनी शिट्टी उचलून ते व्रण निरखले. मग म्हणाल्या, "चारही काढावे लागतील."

काढण्याचेही पैसे पडले. ते मुलीनं भरले.

जखम भरल्यावर एका सकाळी बाई ओला बोळा घेऊन हिरड्या पुसायला आल्या, तर मास्तर आधीच तोंड उघडून बसले होते. वाट बघत. बाईंनी शिट्टी आणली आणि त्यांच्या ओठांत दिली. त्यांनी फुंकर मारली. शिट्टी निसटून मांडीवर पडली, नुसती हवा निघाली. त्यांनी शिट्टीकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि पुन्हा तोंड उघडलं.

बाई गुडघा धरून कॉटच्या कडेला टेकल्या. शिट्टी उचलून त्यांनी मुठीत झाकली.

"विश्राम," त्या म्हणाल्या. "अहो, विश्राम."

तोंड उघडंच राहिलं.