लख्ख आभाळाच्या अर्धा तास अलीकडे

विश्वनाथअप्पा गेल्याची बातमी मीच सेलूला कळवली. उजाडायच्या आत त्याच्या बायकोला, वहिनींना, फोन लावला आणि त्या पहिल्याच फोनवर खोटं बोललो. "मी परत फिरू म्हणत होतो, अप्पानं ऐकलं नाही." ते वाक्य गावभर झालं. या वयात कसली हौस, असं लोक म्हणाले. मी मान खाली घालून ऐकत राहिलो, आणि लोक माझ्याच खांद्यावर हात ठेवून धीर देत राहिले...

अप्पाचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला लुगडं दाखवता दाखवता तो दाराबाहेर आभाळाकडं बघायचा. उल्कांचं वेड त्यानंच मला आणि शब्बीरभाईला लावलं. दर डिसेंबरात शब्बीरभाईच्या जीपमधून आम्ही तिघं म्हातारे रात्रभर मोकळं आभाळ शोधत हिंडायचो. वहिनी डबा देताना म्हणायच्या, "पडलेला तारा घरी आणू नका, आधीच पसारा लय हाय." आभाळ कुठं मोकळं आहे, हे अप्पा मेंढपाळांना विचारायचा. कळप रानात बसवून उघड्यावर जागी असणारी माणसं तीच, आणि पागोट्याच्या कापडासाठी दुकानात यायची म्हणून त्यांचे नंबर त्याच्याकडं असायचे.

यंदा सेलूला आभाळ भरलेलं, पाथरीलाही तेच. सोनपेठच्या पुढं चार चांदण्या दिसल्या आणि त्याही झाकल्या. म्हाळू मेंढपाळाचा कळप राणीसावरगावच्या शिवारात होता. अप्पानं फोन लावला तर तो म्हणाला, "हिकडं लख्ख हाय. पर बिगीनं या, ढग चढायलेत." गंगाखेडला शब्बीरभाई चहा सांगायला उतरला आणि गाडीत आम्ही दोघंच उरलो. अप्पानं माझं मनगट धरलं. एवढ्या थंडीत त्याचा हात ओला होता.

"नाना, छातीत दाटून आलंय. घरी जाऊ."

रस्त्याच्या पलीकडं दवाखान्याचा दिवा जळत होता, तो मला दिसत होता. पण मला ते आभाळ पाहिजे होतं. माझ्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं, पुढच्या डिसेंबरात दिसेल न दिसेल, एवढंच डोक्यात होतं. मी म्हणालो, पित्त असेल, वहिनींचे तिखट धपाटे नडले, अर्ध्या तासाचा तर रस्ता राहिलाय, तिथं आडवा हो. तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तू म्हणशील तसं." शब्बीरभाई चहा घेऊन आला, त्याला मी काही सांगितलं नाही.

आभाळ खरंच लख्ख होतं. उल्का अशा सुटत होत्या की म्हाळूसुद्धा बोलायचा थांबला. अप्पा माझ्याशेजारी घोंगडीवर पडला होता आणि मी नुसता "बघ, बघ" म्हणत होतो... उत्तर येईना म्हणून वळलो, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

गेलेल्याला काय फरक पडतो, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "माझ्यापरीस त्यांना तारेच जवळचे होते. घरी यायचं मनातच नव्हतं त्यांच्या." ज्या माणसाचं शेवटचं मागणं घरी जायचं होतं, त्याच्याविषयी त्याच्या बायकोच्या मनात मी हे पेरलं होतं.

शब्बीरभाईला आधी खरं सांगितलं. तो उठून गेला, आता फोन उचलत नाही. मग काल वहिनींकडं गेलो, कारण मी लिहायला घेतलेलं हे छापून यायच्या आधी त्यांना कळायला हवं होतं. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काय म्हणाले ते? त्यांच्याच तोंडचं सांगा." मी सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा तेच शब्द सांगितले.

"जावा आता," त्या म्हणाल्या. "आन् परत येऊ नका."

रस्त्यावर येऊन वर बघितलं. गच्चीत, गजांच्या कठड्यामागं, अप्पाची लोखंडी खाट असते. थंडी असो की उकाडा, तो तिच्यावरच झोपायचा. तो गेल्यावर वहिनींनी ती उभी करून भिंतीला लावून टाकली होती. आता भर दुपारी त्या एकट्याच ती आडवी करत होत्या, तिचे पाय फरशीवर खरडत होते. वर जाऊन हात लावायचा हक्क मला उरला नव्हता. खाट टेकली. वहिनी तिच्यावर बसल्या, एका कडेला, दुसऱ्याला जागा ठेवून.