दहाव्या मिनिटाचा पाहुणा

डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीचं काम पाहणाऱ्या हेडक्लार्कना सगळे टापटीपराव म्हणत. टेबलावर टाचणी तिरकी पडलेली त्यांना खपत नसे. दवाखान्याची वेबसाइटही त्यांच्याच हट्टाने झाली होती. पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं. फोन नंबर शेवटच्या पानावर. फॉर्म दहा मिनिटांत भरला नाही, तर सगळं पुसून पुन्हा पहिलं पान.

"साहेब, दवाखाना डोळ्यांचा आणि वाचायला भिंग लागतंय," कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या.

"भडक अक्षरं किराणा दुकानाच्या पाटीला शोभतात, बाई."

महिनाअखेरीस बाईंनी साइटवर येऊन गेलेल्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. अर्धवट राहिलेले फॉर्मही त्यात उतरले होते. एकच माणूस अकरा दिवस रोज सकाळी नऊला आला होता. नाव, वय, पत्ता, फोन, मग तक्रार: 'डाव्या डोळ्यापुढे पडदा सरकतोय.' तेवढ्यात दहावं मिनिट भरायचं. पुढे पुढे 'पडदा सरकतोय' गेलं, 'पडदा' उरला. अकराव्या दिवशी नुसतं नाव, तेही अर्धं. बाराव्या दिवशी कोणी आलंच नव्हतं.

टापटीपरावांनी त्या नंबरवर फोन लावला.

"तुमची वेळ ठरवायची राहिली होती, आजोबा."

"आता राहू द्या. डावा गेला," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "सूनबाई म्हणायची, मी भरून देते. पण तिची सकाळची घाई. मीच फॉर्म भरत बसायचो. दारापर्यंत पोचलो की कोणीतरी दंडाला धरून बाहेर काढायचं बघा. माझंच काही चुकत असेल."

"तुमचं नाही चुकलं. ते मीच तसं करून घेतलं होतं." टापटीपरावांनी यादी बाजूला सारली. "उजवा कसा आहे?"

"आहे. कालपासून कडेला जरा चमकतं, डाव्याचं सुरू झालं तसंच."

"आत्ताच्या आत्ता निघा. फॉर्म नको, काही नको. मी फाटकात उभा राहतो."

उजवा वाचला. साइटवरची अक्षरं ठळक काळी झाली, फोन नंबर सगळ्यात वर आला, दहा मिनिटांची अट गेली. "आता किराणा दुकानासारखी दिसते," बाई म्हणाल्या. टापटीपराव हसले नाहीत.

अजूनही सकाळी नऊला ते डावा डोळा हाताने झाकून तो फॉर्म उघडतात, एकेक अक्षर शोधत भरतात. तक्रारीच्या रकान्यात 'पडदा' लिहून थांबतात आणि घड्याळाकडे बघत राहतात. दहा मिनिटं होतात, अकरा होतात. त्यांना कोणीच बाहेर काढत नाही.