राणीचा पाळणा

माझी वैशू शिकायला परदेशात आहे. काल सुट्टी होती म्हणून ती तिथला जुना राजवाडा बघायला गेली आणि मलाही तिने तो फोनवर फिरवून दाखवला. छतभर चित्रं, भिंतभर आरसे, आणि एका खोलीत दोरीपलीकडे सोन्याचा पाळणा.

"आई, हात पोचतोय. हलवून दाखवू?"

"नको गं बाई! रिकामा पाळणा हलवू नये."

"अगं, त्यातलं बाळ म्हातारं होऊन गेलं असेल!" ती हसली. मग तिथली पाटी वाचून तिचा आवाज उतरला. "नाही गं आई. वर्षाचंही झालं नव्हतं म्हणे. राणीने पाळणा तसाच ठेवायला लावला."

मी फोन जरा बाजूला धरला. वैशूच्या आधी मला मुलगा झाला होता. तिला ते ठाऊक आहे, पण त्याच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्याचा पाळणा म्हणजे तुळईला बांधलेली माझी हिरवी साडी. तो गेल्यावर सासूबाईंनी गाठी सोडल्या, साडी धुतली आणि माझ्या हातात दिली. दुसरी धड साडी नव्हती, म्हणून मी तीच नेसले. गाठींच्या चुण्या काही केल्या जाईनात. ती साडी फाटेपर्यंत मी त्या चुण्या पोटाशी येतील अशीच नेसत राहिले.

राणीला बघायला पाळणा तरी उरला.

"आई, दिसतंय ना? पुढे जाऊ?"

"दिसतंय गं," मी म्हटलं. "जरा वेळ तिथेच थांब."